दुसरा प्लग

बजाजच्या डीटीएस-आय पल्सर मोटारसायकलवाल्याला विचारा, "गाडीला प्लग किती?" उत्तर लगेच येईल आणि जरा छाती पुढे काढून येईल: दोन! प्लग म्हणजे इंजिनातलं पेट्रोल ठिणगीने पेटवणारा स्पार्क प्लग. डीटीएस-आय, म्हणजे 'डिजिटल ट्विन स्पार्क इग्निशन', हे बिरुद तर गाडीच्या अंगावरच छापलेलं असतं. मग पुढचा प्रश्न विचारा, "दोन्ही शेवटचे कधी बदलले?" "सर्व्हिसिंगला टाकली होती तेव्हा बदलले असतील की," इथपर्यंत गाडी येते आणि बंद पडते. एक प्लग त्याने पाहिलेला असतो. दुसरा नेमका कुठे बसतो ते बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसल्यामुळे काही अडतही नाही. अडत नाही, हीच तर सगळी मेख आहे.

माझी पल्सर दीडशे, कार्बोरेटरच्या जमान्यातली. तिचा एक प्लग हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, बाजूला उघड्यावर असतो. उकिडवं बसलं की समोर दिसतो, टोपण ओढलं की हातात येतं, पाना लावला की निघतो. दुसरा टायमिंग चेनच्या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करवणाऱ्या साखळीच्या, बाजूला. ती चेन ऑइलमध्ये फिरत असते. तिच्या कप्प्यातून प्लगपर्यंत वाट काढायची आणि ऑइल तर प्लगला लागू द्यायचं नाही, म्हणून तिथे एक नळी बसवलेली असते आणि तिच्या तळाशी प्लग. बाहेरून फक्त काळी रबरी टोपी आणि तिच्यात शिरणारी वायर दिसते. साधा पाना आत पोचत नाही. लांब, पातळ भिंतीचा प्लग पाना लागतो, आणि त्यालाही दांडा फिरवायला जागा शोधावी लागते.

मुळात दोन प्लग कशाला? पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनात भडकन उडतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते जळतं. ठिणगीपाशी पेटतं आणि तिथून कडेकडेने पसरत जातं. सहा हजार आरपीएमला इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो, आणि जळायला त्यातलाही लहानसा तुकडाच वाट्याला येतो. एका कडेला ठिणगी पाडली तर ज्वाळेने पलीकडची भिंत गाठेपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो. होळी दोन्ही अंगांनी पेटवावी तसं दोन कडांनी पेटवलं की दोन्ही ज्वाळा मध्ये भेटतात आणि प्रत्येकीला निम्मंच अंतर कापावं लागतं. मिश्रणात पेट्रोल थोडं कमी असलं तरी पूर्ण जळतं. म्हणजे ॲव्हरेज सुधारतं आणि धूरही कमी.

बजाजने ही करामत २००३ साली पल्सरमध्ये आणली. एका सिलिंडरला दोन प्लग ही कल्पना जगात जुनीच होती. पण रोज ऑफिसला जायच्या, परवडणाऱ्या, छोट्या बोअरच्या मोटारसायकलीत ती बसवणं हे काम आकुर्डीच्या बजाजवाल्यांनी केलं, आणि त्याचं पेटंटही घेतलं. पुढे २००७ मध्ये टीव्हीएसने 'फ्लेम' ही दोन प्लगांची सव्वाशे सीसीची गाडी जाहीर केली आणि प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं. २००८ च्या फेब्रुवारीत मनाई हुकूम आला. तेव्हा टीव्हीएसने ती गाडी चक्क एका प्लगावर बाजारात उतरवली. २००९ मध्ये खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. पेटंटचे दावे वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवू नका, असं तिथून खालच्या कोर्टांना सुनावलं गेलं. तरी शेवटी तडजोड झाली ती २०१९ मध्ये. बारा वर्षं! आणि ज्या जादा प्लगावरून एवढं रामायण घडलं, तो गाडीत मेला तरी मालकाला पत्ता लागत नाही.

कारण दोन प्लगांची गाडी एका प्लगावर मजेत चालते. सुरू होते, पळते, सिग्नलला बंद पडत नाही. फक्त थंडीत सकाळी दोन सेल्फ जास्त मागते. घाटात तिसऱ्यावर चढायची ती दुसऱ्यावर येते. लिटरमागे काही किलोमीटर गळतात. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशावर तरी ढकलता येतं, आणि आपण ते ढकलतोच. पेट्रोलमध्ये भेसळ असणार. टॅपेट ढिले झाले असणार. गाडीचं वय झालं. मागे बसणाऱ्याचं वजन वाढलं. एकाच प्लगाच्या स्प्लेंडरला ही चैन नाही. तिचा प्लग गेला की गाडी जागच्या जागी उभी राहते आणि माणूस निमूट ढकलत गॅरेज गाठतो. दुसरा प्लग पहिल्याचं सगळं झाकून नेतो.

विमानवाल्यांनी ही गोम फार पूर्वी ओळखली. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना वीज पुरवणारे मॅग्नेटोही दोन, एकमेकांपासून अगदी स्वतंत्र. आकाशात एक बंद पडला तर दुसरा घरी आणेल, हा हिशोब. पण एक मेलेला असताना दुसऱ्याच्या जिवावर विमान वर गेलं तर त्या जोडीला अर्थच राहत नाही. म्हणून उड्डाणाआधी पायलट एकेक मॅग्नेटो मुद्दाम बंद करून बघतो. एकट्यावर चालताना आरपीएम थोडे पडायला हवेत. फार पडले तर गडबड, आणि अजिबात पडले नाहीत तरीही गडबड, कारण ज्याला बंद केलं असं वाटतंय तो बंद झालेलाच नसतो. मोटारसायकलीत अशी किल्ली कोणी देत नाही.

घरी मात्र तशी तपासणी करता येते. गाडी बंद असताना एका प्लगची टोपी काढायची, तिच्यात एखादा जुना प्लग खोचायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला नीट टेकवून ठेवायचं आणि गाडी सुरू करायची. मग तेच दुसऱ्या बाजूला. टोपी नुसती लोंबकळत ठेवू नये. आतल्या हजारो व्होल्टला कुठे तरी उतरायला वाट लागते. ती मिळाली नाही की ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल जाऊ शकते. आणि चालू गाडीत टोपीला हात लावण्याचा पराक्रम ज्याने एकदा केला तो परत करत नाही.

मी ही तपासणी केली ती बिलामुळे. एका गॅरेजने सर्व्हिसिंगच्या बिलात 'प्लग, २ नग' असं लिहिलं होतं, आणि गाडी तर आधीसारखीच रडतखडत चालत होती. उघड्यावरच्या प्लगवर चालवून बघितली, चालली. नळीतल्या प्लगवर बघितली, तर फट्-फट् करून मान टाकली. रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसकण मारली. गाडी रात्रभर थंड झालेली होती, आणि ते महत्त्वाचं आहे. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. गरम हेडमधून प्लग उपसायला गेलं तर मऊ धातूचे आटे प्लगबरोबर बाहेर यायची भीती.

आधी फुंकर. सायकलच्या पंपाची नळी प्लगच्या बुडाशी धरून चार-पाच दणके मारले तेव्हा जे उडालं ते बघण्यासारखं होतं. वाळू, चिखलाचे खपले, एक वाळलेलं पान. हे काम टाळून थेट पाना लावला तर प्लग निघताच हा सगळा ऐवज भोकातून सिलिंडरमध्ये. मग पिस्टन ती वाळू वर्षभर दळत बसणार. उघड्यावरचा प्लग सुटला तो अर्ध्या हिसक्यात. नवा कोरा, षटकोनावर अजून चकाकी होती. नळीतल्याने मात्र पाना बसल्यावर आधी जोर घेतला, मग 'कर्र' असा आवाज करून कणभर सरकला. त्या आवाजाला माणूस श्वास रोखतो, कारण प्लग सुटला की आटे गेले हे पुढच्या फेऱ्याला कळतं. थोडं मागे, थोडं पुढे करत तो आला. षटकोनाला गंज. पांढऱ्या चिनी मातीवर तांबूस कडं. मधली दांडी, जिच्या टोकाला कडा करकरीत असायला हव्यात, ती वापरलेल्या खडूसारखी गोल झालेली. फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांमधलं, एक मिलिमीटरचं पान दोन टोकांच्या मधून न अडखळता गेलं. बहुतेक मोटारसायकलींना ०.६ ते ०.८ मिलिमीटर गॅप लागते. हा कंपनीतून आला तेव्हापासून तिथेच झिजत बसला असावा. बिलावर मात्र दोन नग.

त्या गॅरेजवाल्याबद्दल चिडचिड झाली, नाही असं नाही. पण हिशोब बघा. प्लग बदलायची मजुरी ती काय! उघड्यावरचा एका मिनिटात होतो. नळीतल्यासाठी वेगळा पाना शोधा, वाकडं बसा, आटे गेले तर स्वतःच्या खिशातून भरा. आणि तो बदलला की नाही हे गिऱ्हाईक बघणार नाही, गाडीही सांगणार नाही. इतकी सोय असल्यावर तो बदलला जाणं हाच चमत्कार म्हणायचा. पुढे ओळखीच्या एका मेकॅनिकला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "साहेब, आमच्याकडं पल्सर आली ना, की आम्ही आतला प्लग काढून आधी गिऱ्हाइकाच्या हातात देतो. म्हणजे त्याला पटतं का गाडीला दोन असतात."

नवा प्लग बसवण्यात ताकदीचं काम अजिबात नाही, आणि बिघडतं ते तिथेच. सुरुवात पान्याने करायची नाही. बोटांनी, तेही आधी उलटा फिरवून. आट्याला आटा मिळाल्यावर बारीकशी 'टक्' लागते. मग सुलटा. नळीतल्या प्लगपर्यंत बोटं पोचत नाहीत म्हणून मी रबरी नळीचा तुकडा त्याच्या शेंडीवर घट्ट बसवतो आणि तो फिरवतो. आटा तिरका बसला तर रबर नुसतं गरगरतं, जोर लागतच नाही. पान्याने तोच तिरका प्लग मुकाट आत गेला असता. वायसर हेडला टेकला की पाना लावून साधारण अर्धा फेरा, कारण नवा वायसर दाबला जाऊन बसायचा असतो. जुनाच प्लग परत लावत असाल तर टेकल्यावर जेमतेम एक चिमूट. आपल्याकडे "अजून एक घे, ढिला राहायला नको" म्हणणारा कोणी ना कोणी शेजारी उभा असतोच. त्याला चहा सांगायला पाठवावं. आटे गेले तर लेथवाल्याकडे हेड उघडून बूश बसवण्यापर्यंत गोष्ट जाते, आणि त्या खर्चात पुढच्या दहा वर्षांचे प्लग येतात.

एवढ्या खटपटीत वाचले किती? शे-दोनशे रुपये, फार तर. म्हणून पैशासाठी हे करा असं मी कुणाला सांगणार नाही. मला त्यात गोडी वाटते ती वेगळ्या कारणाने. जिथे जाळ होतो त्या खोलीत राहून आलेली आणि एका पान्यात बाहेर काढता येणारी ही एकच वस्तू इंजिनात आहे. बाकी पिस्टन, व्हॉल्व्ह, रिंगा यांचं दर्शन घ्यायचं तर हेड उतरवा. प्लग मात्र आतला हालहवाल चेहऱ्यावर घेऊन येतो. चांगल्या इंजिनातला प्लग चहाच्या रंगाचा, फिकट तपकिरी, कोरडा. काळी, भुरभुरणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर चोंदला असेल, चोक अडकला असेल. काळा आणि वर ऑइलने ओला, चकाकता असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं. तेव्हा नवा प्लग म्हणजे नुसती मलमपट्टी. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन तापतंय, आणि ते सगळ्यात वाईट.

दोन प्लगांच्या गाडीत तर हे वाचन आणखी रंगतं. दोघंही त्याच खोलीत, तेच पेट्रोल, तीच हवा. दोघं सारखेच काळे असतील तर दोष कार्बोरेटरकडे. एक तपकिरी आणि एक काळा असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका. त्या काळ्याची टोपी, वायर, कॉइल तपासा. एका प्लगाच्या गाडीला अशी ताडून बघायची सोय नाही. ज्या जोडीमुळे दोष लपतो तीच जोडी बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवली की दोष बोट करून दाखवते. फक्त दोन्ही बाहेर काढायला हवेत.

आमच्या बाबांच्या पिढीला प्लगबद्दल एवढं सांगावं लागलं नसतं. त्यांच्याकडे बजाजची एम-८० होती. टू-स्ट्रोक गाड्या पेट्रोलबरोबर ऑइलही जाळायच्या. त्या ऑइलची काजळी प्लगच्या गॅपमध्ये धरायची, कधी तर तिचा केसाएवढा पूल बनायचा आणि ठिणगी उडायच्याऐवजी वीज त्या पुलावरून चालत जायची. "प्लग शॉर्ट झाला" हे वाक्य घरात दूधवाल्याच्या नावाइतकं ओळखीचं होतं. चेतकच्या डिकीत, लुनाच्या पिशवीत एक जादा प्लग, प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा चिंधीत बांधून ठेवलेला असायचाच. रस्त्याच्या कडेला स्कूटर तिरकी करून, प्लग काढून, फुंकून, घासून, इंजिनाला टेकवून किक मारायची आणि निळी ठिणगी दिसली की परत बसवायचा. शाळामास्तर, बँकेतले कारकून, लुनावरच्या काकू, सगळ्यांना हे यायचं. त्या दिवसांबद्दल गहिवरून बोलणाऱ्यांनी तो निळा धूर मागच्या गाडीवर बसून खाल्लेला नसावा. फोर-स्ट्रोक आल्या, प्लग हजारो किलोमीटर न बोलता चालू लागला, चांगलंच झालं. फक्त प्लग पाना डिकीतून गेला तशी प्लगकडे बघायची सवयही गेली.

नवे प्लग घ्यायला मी पुण्यातल्या नाना पेठेत जातो. तिथे काउंटरवर गाडीचं नाव सांगितलं की प्लग पुढे येतो. पण नंबर आपण वाचावा. प्लग 'गरम' की 'थंड' हे त्या नंबरात असतं. थंड प्लग उष्णता पटकन हेडला देऊन टाकतो, गरम प्लग ती धरून ठेवतो. प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर राहिलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते, आणि ते फारच तापलं, आठ-नऊशेच्या पुढे गेलं, तर ठिणगीची वाट न बघता मिश्रण स्वतःच पेटवतं. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एकाचा आठ घेऊन दुसऱ्याचा आठ मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काउंटरवाला "सगळं एकच असतंय" म्हणेल. नसतं. इरिडियमचे महागडे प्लग तो आग्रहाने दाखवेल. त्यांची बारीक दांडी खरंच फार झिजत नाही. पण माझ्या म्हाताऱ्या पल्सरला ती चैन कशाला, साधे पुरतात. पाकिटावरची छपाई पुसट असेल, चिनी मातीवरची अक्षरं नखाने निघत असतील, तर मात्र फुकट दिला तरी घेऊ नये.

दोन्ही प्लग नवे टाकल्यावर गाडीत काय फरक पडला हे लोक विचारतात. वेग वाढला नाही. पहिल्या सेल्फला सुरू होते, आयडलिंगला अंग थरथरत नाही, कात्रजच्या चढाला गिअर पाडावा लागत नाही. म्हणजे नवीन काही मिळालं नाही. जे गेलं होतं ते परत आलं, आणि ते गेलं होतं हे तेव्हा कुठे कळलं.

माझं हे उघडझाप प्रकरण बघून भाचा म्हणाला, "मामा, माझी एनएस दोनशे पण बघशील का रे?" २०१२ साली बजाजने त्या गाडीत दोनावर न थांबता तीन प्लग घातले. मी त्याला विचारलं, तिन्ही शेवटचे कधी बदललेस? त्याने मोबाइलमध्ये जुनं बिल शोधून दाखवलं. त्यावर 'प्लग, १ नग' असं लिहिलं होतं. निदान बिल तरी खरं निघालं. येत्या रविवारी बोलावलंय. टाकी उतरवावी लागेल, तेव्हा पेट्रोल भरून येऊ नकोस असं बजावलंय.